दगडातला शंख कोणाचा? जीवाश्म शंखांची ओळख, वर्णन आणि नामकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर फोटो येतो. मातकट दगड, त्यात पिळदार काहीतरी, बाजूला मोजपट्टी नाही, जागेचं नाव नाही. खाली एकच ओळ: "सर, हे काय आहे?" मी सर नाही, पण उत्तर द्यायची खोड आहे. तेच ते प्रश्न येत राहिले म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली. हवेत बोलण्यापेक्षा एक खरा जीव धरून बोललेलं बरं, म्हणून पॅरिसच्या परिसरातल्या दगडांत सापडणारा कॅम्पानिले जायगँटियम हा राक्षसी सागरी शंख घेतला आहे. ओळख, वर्गीकरण, नाव आणि नावावरची भांडणं हे सगळं या एकाच शंखाच्या बाबतीत घडून गेलंय.

हा कॅम्पानिले जायगँटियम नेमका कोण?

उंच, निमुळता, देवळाच्या शिखरासारखा शंख. इटालियन भाषेत कॅम्पानिले म्हणजे घंटेचा मनोरा, आणि नाव अगदी शोभतं. आजचं पॅरिस जिथे आहे तिथे सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्र होता. त्या काळाला भूशास्त्रात लुटेशियन म्हणतात. पॅरिसचं रोमन काळातलं नाव लुटेशिया, त्यावरून १८८३ मध्ये हे नाव पडलं. त्या समुद्राच्या तळाशी साठलेल्या चुनखडीतून पुढे पॅरिस शहर बांधलं गेलं. लूव्हर पाहून आलेल्या मराठी माणसाने मोनालिसाबरोबर भिंतीचे दगडही निरखले असतील, तर शंखांचे ठसे नक्की दिसले असतील.

खाणकामगारांना हा शंख शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत होता. शंख विरघळून गेल्यावर आत राहिलेला पिळदार दगडी गाभा त्यांना जाडजूड स्क्रूसारखा दिसे. म्हणून त्याला ते 'वेरँ' म्हणत, आणि ज्या थरात हे गाभे खच्चून भरलेले असत तो 'वेरँचा थर'. मला हे नाव लॅटिन नावापेक्षा जास्त आवडतं.

किती मोठा असायचा?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. अर्ध्या मीटरचे नमुने दुर्मीळ नाहीत, आणि सगळ्यात मोठे मीटरच्या जवळ जातात. म्हणजे चौथीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढा शंख.

याहून नवलाची गोष्ट आहे त्याच्या वाढीचा वेग. २०२० मध्ये नील्स द विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंखाच्या वाढरेषांमधून ओळीने नमुने घेऊन ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजले. समुद्राचं पाणी उन्हाळ्यात तापतं, हिवाळ्यात निवतं, आणि त्याची नोंद चुन्यात राहते. त्यावरून वर्षं मोजता आली. शंखाच्या पिळाच्या रेषेवरून मोजलं तर हा प्राणी वर्षाला साठ सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढत होता. म्हणजे एवढा मोठा झाला तो म्हाताराच असणार, हा अंदाज फसला.

पण वर्णन लिहिणाऱ्याला 'मोठा' या शब्दाचा फारसा उपयोग नाही, हे इथेच सांगून ठेवतो. याला पहिलं शास्त्रीय नाव देणाऱ्या लामार्कने जातीच्या नावातच 'राक्षसी' घातलं हे खरं. तरी तीन इंचांचा तुकडा हातात आला तर तो याच राक्षसाचं पिल्लू आहे की भलत्याच कोणाचा प्रौढ शंख आहे, हे आकारमानावरून कळत नाही. ते कळतं दुसऱ्याच बारीक गोष्टींवरून. त्या पुढे येतील.

लामार्कने याला 'सेरिथियम' म्हटलं होतं. मग तो चुकला का?

त्याच्या काळात हेच बरोबर होतं. जाँ-बातीस्त लामार्क मूळचा वनस्पतींचा माणूस. १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्याला कीटक आणि कृमी या विभागाचा प्राध्यापक नेमलं, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. कोणाला नको असलेला विभाग त्याच्या पदरात पडला. 'अपृष्ठवंशी' ही संकल्पना आपण आज सर्रास वापरतो, ती त्याच विभागातून त्याने घडवली. पॅरिसभोवतालच्या जीवाश्म शंखांवर त्याने एकामागून एक लेख लिहिले, आणि १८०४ मध्ये हा शंख सेरिथियम जायगँटियम म्हणून जगापुढे आला.

उंच शिखर, अनेक वेढे, तोंडाच्या तळाशी छोटी पन्हळ: असं दिसलं की त्या काळी सेरिथियम या वंशाच्या घरात ठेवत. घर लहान आणि पाहुणे फार, अशी गत झाली. पुढे १८८४ मध्ये फिशर यांच्या ग्रंथात कॅम्पानिले हे वेगळं नाव आलं, आणि १९०४ मध्ये दूव्हिले यांनी त्याला स्वतंत्र कुळ दिलं. तरीही पुष्कळ जण याला सेरिथियमचाच थोरला भाऊ समजत राहिले.

मग निकाल कसा लागला?

जिवंत साक्षीदार सापडला म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर उथळ पाण्यात या वंशाची एकच जात आजही जगते: कॅम्पानिले सिम्बॉलिकम. शंख वीतभर, पांढराफटक, हात लावला तर खडूसारखा. वाळूवर रांगत शेवाळ खातो. साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या राक्षसाचा हा वारस तसा अगदीच साधा आहे.

१९८१ मध्ये रिचर्ड हौब्रिक यांनी या प्राण्याचं शरीर उघडून बारकाईने वर्णन केलं. सेरिथियमच्या जातभाईंशी अवयवांची मांडणी जुळेना. शंखावरचा तो खडूसारखा थरही वेगळाच निघाला. इतर शंखांवर बाहेरून पातळ सालीसारखं आवरण असतं, इथे त्या आवरणातच चुना साठलेला. नंतर शुक्रपेशींच्या सूक्ष्म रचनेवरच्या कामानेही हेच सांगितलं की हे घराणं निराळं. आज कॅम्पानिले स्वतःच्या कुळात आणि स्वतःच्या महाकुळात बसतो, सेरिथियम दुसऱ्याच घरात.

म्हणजे लामार्कने नाव दिल्यापासून योग्य घर मिळेपर्यंत पावणेदोनशेहून जास्त वर्षं लागली. जातीची ओळख मात्र या सगळ्या काळात हलली नाही. कुळ बदललं, वंश बदलला, 'जायगँटियम' तसंच राहिलं. चांगल्या वर्णनाची हीच कसोटी मी मानतो: पुढच्या माणसाला तुमचं मत पटलं नाही, तरी तुम्ही कोणत्या शंखाबद्दल बोलत होता हे त्याला कळलं पाहिजे.

नुसत्या शंखावरून प्राणी ओळखणं धोक्याचं आहे, असंच ना?

हो, आणि याच महाकुळातलं याहून खुमासदार उदाहरण आहे. अँप्युलिनिड नावाचे गोलसर, गुळगुळीत शंख जीवाश्मांत भरपूर मिळतात. दिसायला ते थेट नॅटिका जातीच्या शिकारी शंखांसारखे. नॅटिका दुसऱ्याच्या शिंपल्याला गोल भोक पाडून आतलं मांस खाते. तेव्हा अँप्युलिनिडही शिकारीच असणार असं धरून लोकांनी शिकारीचा इतिहास फार मागे नेला. मग फिलिपिन्समध्ये या घराण्यातली एकमेव जिवंत जात, सर्निना फ्लक्चुएटा, तपासली गेली. २००३ मध्ये जाहीर झालं की ही बाई शाकाहारी आहे. भोकं पाडण्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

इतकी वर्षं जैनाच्या घरी खाटकाची पाटी लावून ठेवली होती म्हणायची.

मला वर्णन लिहायचं आहे. पहिल्यांदा काय बघू?

पहिल्यांदा काही बघू नका, लिहा. जागा, थर, कोणी उचलला, कधी. नमुना पिशवीत जायच्या आधी चिठ्ठी पिशवीत गेली पाहिजे. थर माहीत नसलेला सुंदर शंख शोकेसला शोभतो, वर्णनात त्याला फार किंमत नाही.

आता माझ्या टेबलावरचा तुकडा घेतो. दोन वेढ्यांचा, माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा, टोक नाही, तोंड नाही. अर्धा भाग खरा शंख, अर्ध्यावरून शंख उडून आतला दगडी गाभा उघडा पडलाय. मऊ चुनखडी आहे, त्यामुळे दात घासायचा जुना ब्रश, पाणी आणि हट्टी जागी शिवणकामाची सुई एवढ्यावर काम भागतं. घाई केली की सुई शंखावर ओरखडा काढते, आणि तो ओरखडा पुढे फोटोत नक्षीकाम म्हणून मिरवतो. माझ्या हातून हे एकदा झालंय, म्हणून सांगतो.

आधी वेढे बघा. दोन वेढे जिथे मिळतात त्या रेषेला आम्ही सांधा म्हणतो. ती उथळ आहे की खोल, सरळ आहे की लहरती? या तुकड्यात सांध्याला लागून खाली जाडजूड गाठींची एक रांग आहे. प्रत्येक गाठ बोटाच्या पेराएवढी, आणि दोन गाठींमध्ये अंगठा टेकेल एवढी खाच. ही रांग जायगँटियमच्या मोठ्या वेढ्यांची ठळक खूण. गाठी किती, कशा आकाराच्या, सांध्यापासून किती अंतरावर, हे सगळं नोंदवायचं. 'गाठी आहेत' एवढंच लिहिलं तर ते वर्णन पन्नास जातींना लागू पडेल.

मग वाढरेषा. या रेषा वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर शंखाच्या तोंडाची कड कुठे होती ते सांगतात. तोंड तुटलेलं असलं तरी त्याचा आकार या रेषांवरून काढता येतो. म्हणून तोंड नसलेला तुकडा टाकून देऊ नये.

मग उघडा गाभा. त्यावर पिळाबरोबर फिरत जाणारी चर दिसते. शंखाच्या मधल्या खांबावर आतून पिळदार घड्या असतात, त्या घड्यांची ही उलटी छाप. बाहेरून दिसत नाहीत, शंख फुटल्यावरच कळतात. पण ओळखीसाठी त्या गाठींइतक्याच, कधीकधी जास्तच, कामाच्या.

आणि मोजमापं. व्हर्नियर कॅलिपरने उंची, सगळ्यात मोठी रुंदी, शेवटच्या वेढ्याची उंची, तोंडाची उंची, शिखराचा कोन. टोक तुटलं असेल तर 'उंची (तुटलेली)' असं स्पष्ट लिहा. टोक कुठवर गेलं असतं याचा अंदाज वेगळ्या रकान्यात टाका. मोजलेलं आणि अंदाजलेलं एकाच रकान्यात घालणं हे दूध आणि पाणी एकत्र विकण्यासारखं आहे.

टोकाला एवढं महत्त्व का?

कारण तिथे बाळपण साठवलेलं असतं. शंखाच्या अगदी टोकाचे पहिले वेढे अळी अवस्थेतले. ते बारीक आणि पुष्कळ असतील तर अळी पाण्यात तरंगत, खात, दूरवर गेली असण्याची शक्यता. मोठे आणि एक-दोनच असतील तर ती फार हिंडली नसावी. त्यावरून जात किती पसरू शकत होती याचा अंदाज येतो. अडचण अशी की मोठ्या शंखांमध्ये हे टोक घासून किंवा तुटून गेलेलं असतं. म्हणून मोठ्यांच्या ढिगात सापडलेली पिल्लं जपून ठेवा.

शंख उजवा की डावा हे कसं ठरवायचं? आमच्या देवघरातला दक्षिणावर्ती आहे.

टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा. कॅम्पानिले उजवा, आणि बहुतेक सगळे सागरी शंख उजवेच.

आता देवघरातला. पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. आपल्याकडे तो टोक खाली, निमुळती पन्हळ वर अशा बेताने धरून बघतात. त्यामुळे तोंडाची बाजू उलटी दिसते. म्हणून शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतात तो लाखात एखादा दुर्मीळ शंख आपला 'दक्षिणावर्ती'. दोघंही बरोबर, फक्त शंख धरण्याची रीत निराळी. गंमत म्हणजे जुनी फ्रेंच पुस्तकंही शंखाचं टोक खालीच छापत. पॅरिसचे शंख जुन्या चित्रांवरून ओळखायला बसलात आणि सगळे डावे वाटायला लागले, तर आधी पान फिरवून बघा. आणि बाजारात कोणी स्वस्तात दक्षिणावर्ती देत असेल तर तो बहुधा दुसऱ्याच जातीचा मुळातच डावा शंख असतो, हेही जाता जाता.

माझ्याकडे शंख नाही, फक्त गाभा आहे. त्यावर नवी जात सांगता येईल?

नामकरणाचे नियम अडवत नाहीत. मी अडवेन. गाभा म्हणजे शंखाच्या आत शिरून घट्ट झालेला गाळ, त्यावर बाहेरचं नक्षीकाम नसतं. आतून सारखे आणि बाहेरून पूर्ण वेगळे असे शंख असतात. एकोणिसाव्या शतकात गाभ्यांवर नावं ठोकली गेली आणि त्यातली काही आजही कोणाला कशाशी जोडता येत नाहीत. नुसती लोंबकळत राहिली आहेत.

मात्र गाभ्याबरोबर खडकातला बाहेरचा ठसा मिळाला तर काम होतं. त्यात मुलांची मातकामाची प्लॅस्टिसिन किंवा लॅटेक्स दाबून घ्या, शंखाची बाहेरची बाजू जशीच्या तशी हातात येते.

वेगळा दिसतो म्हणजे नवी जात, असं कधी म्हणता येतं?

एका नमुन्यावरून म्हणायची घाई करू नये. एकाच जातीत गाठी कमी-जास्त असतात, लहानपणीची नक्षी म्हातारपणी पुसली जाते. दगडाच्या वजनाने दबलेला शंख तर वेगळ्याच जातीचा वाटतो. शक्य असेल तर एकाच थरातले दहा-वीस नमुने मांडा, लहानापासून मोठ्यापर्यंत. फरक सरकत सरकत जातो की मध्ये खरोखर फट आहे? फट असेल तर बोलायला जागा आहे.

खात्री नसेल तर ते कबूल करण्याची सोय नामकरणात आहे, आणि ती सुंदर आहे. वंशाच्या नावापुढे 'सीएफ.' लिहिलं की अर्थ: या जातीशी ताडून पाहा, तीच असावी. 'एएफएफ.' लिहिलं की: या जातीच्या जवळची, पण बहुधा तीच नव्हे. आणि नुसतं 'एसपी.' म्हणजे जात सांगता येत नाही. नवशिक्याला 'एसपी.' लिहायला कमीपणा वाटतो. मला मात्र ते वाचलं की लिहिणाऱ्याबद्दल भरवसा वाटतो.

होलोटाईप म्हणजे काय? तो मी घरी ठेवू शकतो का?

नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं तो होलोटाईप. पुढे कोणाला शंका आली तर तो नमुना काढून बघायचा. वर्णनातलं वाक्य आणि नमुना यांत तफावत निघाली, तर नमुना खरा. २००० सालापासून नव्या जातीला नाव देताना असा नाव धारण करणारा नमुना स्पष्टपणे नेमावाच लागतो, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार तेही सांगावं लागतं. जुन्या लेखकांनी बऱ्याचदा पाच-दहा नमुने एकत्र वर्णन केले. त्यांना सिंटाईप म्हणतात, आणि नंतरचा अभ्यासक त्यातला एक निवडून त्याला लेक्टोटाईप करू शकतो.

घरी ठेवू नका. घर बदलतं, माणूस जातो, मुलं साफसफाई करतात. लामार्कच्या शंखसंग्रहाचा मोठा भाग हातोहात फिरत आज जिनिव्हाच्या संग्रहालयात आहे. त्याने हाताळलेला नमुना बघायचा तर पॅरिसबरोबर तिकडेही चौकशी करावी लागते. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी क्रमांक घातलेले जीवाश्म संग्रह आहेत. नमुन्याला क्रमांक पडला की तो तुमचा राहत नाही, हे मान्य करूनच कामाला लागावं.

नाव माझं देऊ शकतो का? आईचं?

आईचं खुशाल द्या. स्वतःचं देणं नियमात बसतं, पण लोक हसतात.

प्राण्यांच्या नावांची सुरुवात १ जानेवारी १७५८ पासून धरतात, त्याआधीची नावं बाद. विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं. कॅम्पानिले हे नपुंसकलिंगी धरतात, म्हणून 'जायगँटियम', 'जायगँटियस' नव्हे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 'मोठा शंख, मोठी शिंपली, मोठं कवच' आपण जन्मापासून म्हणतोय. वेगळेपण सांगणारी लक्षणं शब्दांत द्यावी लागतात, नुसता फोटो चालत नाही. छापील नियतकालिकात, किंवा २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेल्या इलेक्ट्रॉनिक प्रकाशनात, नाव आलं पाहिजे. व्हॉट्सॲप गटावर केलेली घोषणा म्हणजे नामकरण नव्हे, पेढे वाटले असले तरी.

लेखकाचं नाव कधी कंसात, कधी कंसाबाहेर. का?

कॅम्पानिले जायगँटियम (लामार्क, १८०४): कंस सांगतो की लामार्कने ही जात दुसऱ्या वंशात ठेवली होती. कॅम्पानिले सिम्बॉलिकम आयरडेल, १९१७: कंस नाही, म्हणजे घर पहिल्यापासून हेच. माहेरचं नाव कंसात लिहिण्यासारखं काहीसं.

नाव दिल्यावर कळलं की त्या जातीला आधीच नाव आहे, तर?

तर जुनं नाव जिंकतं. तुमचं नाव समानार्थी म्हणून यादीत जाऊन पडतं. म्हणूनच चांगल्या वर्णनाच्या वर ती कंटाळवाणी दिसणारी यादी असते: कोणी, कोणत्या साली, कोणत्या पानावर या जातीला काय म्हटलं. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. मी आधी तीच वाचतो, कारण लेखकाने घाम गाळलाय की नाही हे तिथे दिसतं. पॅरिसच्या शंखांपुरतं बोलायचं तर लामार्कनंतर देशे, मग कोसमान आणि पिसारो यांचे जाडजूड ग्रंथ चाळल्याशिवाय 'नवी जात' हा शब्द तोंडातून काढू नये.

जुन्या नावाच्या विजयाला एक अपवाद आहे. जुनं नाव १८९९ नंतर कोणीच वापरलं नसेल, आणि नवं नाव गेल्या पन्नास वर्षांत किमान दहा लेखकांनी, किमान पंचवीस लेखांत, किमान दहा वर्षांच्या कालावधीत वापरलं असेल, तर नवं टिकतं. रुळलेली वाट उगाच मोडू नये, एवढाच हेतू.

उलटही होतं. दोन वेगळ्या जातींना एकच नाव पडतं. ऑस्ट्रेलियाच्या त्या जिवंत कॅम्पानिलेला क्वा आणि गेमार यांनी १८३४ मध्ये नाव दिलं होतं, पण ते नाव दुसऱ्या शंखाला आधीच दिलेलं निघालं. म्हणून टॉम आयरडेल यांना १९१७ मध्ये नवं नाव द्यावं लागलं, तेच आजचं सिम्बॉलिकम.

डीएनए तपासून सोक्षमोक्ष लावता येत नाही का?

साडेचार कोटी वर्षांच्या शंखात डीएनए उरत नाही. जिवंत नातलगांचा तपासता येतो, तेवढाच आधार.

ऑनलाइन 'टरिटेला ॲगेट' नावाचा दगड घेतला. हे समुद्री शंखच ना?

नाही. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, नाव फार जुनं आणि रुळलेलं आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खडकांतला तो दगड, आणि त्यातले शंख गोड्या पाण्यातल्या एलिमिया टेनेरा जातीचे. टरिटेला समुद्रात राहते, दिसते तशीच लांब, पिळदार. दिसण्यावर गेलं की काय होतं याचा नमुना आता तुमच्या गळ्यात लॉकेट म्हणून आहे. लॉकेट छान दिसत असेल तर घालत राहा.

महाराष्ट्रात असा शंख सापडेल का?

कॅम्पानिलेच्या काळातला सागरी शंख सह्याद्रीत शोधू नका. आपला काळा पत्थर म्हणजे लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचली, आणि त्या तळ्यांच्या गाळात गोड्या पाण्यातले शंख सापडतात. सगळ्यात प्रसिद्ध फायसा प्रिन्सेपी, सोवर्बीने १८४० मध्ये वर्णन केलेला. नागपूरजवळच्या टाकळीचे शंख गोळा करून १८६० मध्ये त्यांवर लिहिणारे स्टीफन हिस्लॉप, म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे तेच. त्या कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे. फायसा डावा शंख आहे बरं का, टोक वर धरलं की तोंड डावीकडे.

सागरी हवे असतील तर कच्छला जा. तिथल्या इओसीन (लुटेशियन ज्याचा एक भाग आहे तो काळ) खडकांत व्हेलाटीस परव्हर्सस नावाचा टोपीसारखा बुटका शंख मिळतो, आणि हीच जात फ्रान्समधूनही नोंदलेली आहे. टेथिस नावाचा, आता नाहीसा झालेला समुद्र तेव्हा दोन्हीकडे पसरलेला होता. पॅरिसची पुस्तकं कच्छच्या शंखांना उपयोगी पडतात ती म्हणूनच. कुठेही जा, जमिनीच्या मालकाची आणि लागू असेल तिथे वनखात्याची परवानगी आधी.

आणि आकार डोळ्यांत बसवायचा असेल तर लांब जायलाच नको. मुंबई-कोकणच्या खाडीत, तिवरांच्या चिखलात, ओहोटीला एक काळपट, उंच शंकूसारखा शंख पडलेला दिसतो: टेलिस्कोपियम टेलिस्कोपियम. तोही कॅम्पानिलेचा जवळचा नातलग नाही, फक्त घडण तशी. तो उचलून वेढे मोजा, सांधा बघा, तोंडाची कड कुठे वळते ते बघा. मग परत ठेवा, आत बहुधा कोणीतरी असतं.

फोटो कसा पाठवू?

बाजूला मोजपट्टी, नाहीतर निदान एक रुपयाचं नाणं. चार फोटो: तोंडाकडून, पाठीकडून, टोकावरून, आणि तुटलेली बाजू. उजेड एका बाजूने, तिरका. भर दुपारी अंगणात काढलेल्या फोटोत गाठी सपाट होतात.

प्रयोगशाळेत एक जुनी युक्ती वापरतात. नमुन्यावर नवसागराचा धूर सोडायचा. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच नवसागर. धुराचा पातळ पांढरा थर बसला की दगडाचे डाग झाकले जातात, रंगाची गडबड संपते आणि उरते ती फक्त घडण. फोटो झाला की थर पाण्याने धुऊन निघतो. दमट हवेत तो आपोआपच चिकट होऊन विरघळायला लागतो, म्हणून पावसाळ्यात हात जरा जलद चालवावा लागतो. धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवून करा.

उलट कधी रंगच हवा असतो. पॅरिसच्या काही इओसीन शंखांवर अतिनील दिवा धरला की साध्या उजेडात न दिसणारे पट्टे आणि ठिपके उजळतात. दिसायला सारख्या गुळगुळीत शंखांमध्ये जाती वेगळ्या करायला या पट्ट्यांची मदत झाली आहे. नोटा तपासायच्या दिव्याने घरी करून बघायला हरकत नाही, फक्त अंधार पुरता हवा. माझ्या तुकड्यावर मी तीन रात्री प्रयत्न केला. काही उजळलं नाही, टेबलावर सांडलेलं डिटर्जंट तेवढं निळं चमकलं.